वाईचा तळ आणि जावळीचे रान

वाईला गेलेला वसईकर ख्रिस्ती माणूस मेणवलीची घंटा पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर ती घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मारिया आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांनी ज्या घंटा नेल्या त्यांपैकी ही एक. तिच्याकडे पाहताना मराठी सत्तेची भरभराटच डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्याआधी ऐंशी वर्षे, याच वाईच्या पटांगणात, त्या सत्तेचे नाव पुसून टाकण्यासाठी फौज तळ देऊन बसली होती. घंटेपेक्षा आम्हांला त्या तळाचाच विचार अधिक करावासा वाटला.

आमच्या घरची मुले हल्ली संगणकावर राज्यांचे खेळ खेळतात. नकाशावरचे एखादे चिमुकले राज्य घ्यायचे आणि शेजारच्या बलाढ्यांच्या तोंडून ते पहिली काही वर्षे वाचवायचे, हा त्यांतला सर्वांत अवघड डाव, असे ती सांगतात. सतराव्या शतकाच्या मध्यावर मावळात हाच डाव मांडला गेला होता. फरक इतकाच, की तो हरल्यावर पुन्हा मांडता येणार नव्हता.

शिवाजीराजांच्या हाती आरंभी वडिलांची पुणे प्रांतातील जहागीर आणि डोंगरातील थोडे किल्ले, एवढेच होते. वरती मोगल, पूर्वेला विजापूरची आदिलशाही, समुद्रकाठी जंजिऱ्याचा सिद्दी आणि पोर्तुगीज. १६४८ मध्ये विजापूरकरांनी शहाजीराजांना कैद केले, तेव्हा अठरा वर्षांच्या या मुलाने दख्खनच्या मोगल सुभ्यावर असलेल्या शाहजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. एका बलाढ्याला दुसऱ्याचा धाक दाखवायचा, हा त्यातला हेतू. १६४९ मध्ये वडील सुटले. त्यासाठी कोंढाणा मात्र परत द्यावा लागला. पुढची काही वर्षे राजे जवळजवळ स्वस्थ राहिले. चरित्रकार या वर्षांवरून घाईने पुढे जातात. आम्हांला ती फार मोलाची वाटतात, कारण हातचा किल्ला सोडून गप्प बसणे हे तरुण माणसाला किल्ला घेण्याहून कठीण असते.

लहान राज्याने दूरच्या मोठ्याचा आधार शोधावा, ही रीत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. ज्या पोर्तुगालने पुढे वसईवर राज्य केले, ते स्वतः एकेकाळी असेच चिमुकले होते. आफोन्सो हेन्रिक्सने ११४३ मध्ये आपले राज्य पोपमहोदयांच्या छत्राखाली ठेवले आणि दरसाल सोने देण्याचे कबूल केले. तिसरे अलेक्झांडर या पोपमहोदयांकडून राजा म्हणून मान्यता मिळायला ११७९ साल उजाडले. शिवाजीराजांना असे छत्र कोठेच नव्हते. त्यांना विजापूर आणि दिल्ली यांच्या भांडणातूनच वाट काढायची होती.

१६५६ च्या जानेवारीत त्यांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली. हे कृत्य कठोर होते. मोरेही मराठेच, आणि त्यांचे घराणे त्यात धुळीला मिळाले. त्याचे समर्थन करताना आमची लेखणी अडखळते. मात्र जावळीवाचून पुढचे काहीच घडले नसते. त्याच रानात मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुहम्मद आदिलशहा वारला. दीड वर्षाच्या आत औरंगजेबही सिंहासनासाठी उत्तरेकडे निघून गेला. तेवढ्या उसंतीत राजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराचा पाया घातला. त्या जहाजांच्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते; वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडून यायला लावले.

१६५९ मध्ये विजापूरने अफझलखानाला पाठविले. वाई त्याला नवी नव्हती. तो या प्रांताचा सुभेदार राहिला होता. कृष्णेकाठी सपाट जमीन, चारापाणी मुबलक, घोडदळाला मोकळे मैदान. तेथे लढाई झाली असती तर निकाल एका दिवसात लागला असता.

खानाच्या फौजेहूनही त्याच्याकडून व विजापुरातून सुटलेले कागद अधिक घातक होते. मावळच्या देशमुखांना फर्माने गेली : खानास सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. कारीच्या कान्होजी जेध्यांनाही १६ जूनचे फर्मान मिळाले. उतरवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी शहाजीराजांच्या वेळचे माणूस. ते मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, असे जेध्यांची परंपरा सांगते. राजांनी त्यांना आधी बायकामुले तळेगावास हलवावयास सांगितले. जोखीम कोणाच्या घरादाराची आहे, हे राजांना पुरते ठाऊक होते. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी. ती पणाला लावणारा देशमुख नसता, तर जावळीचे रानही उपयोगी पडले नसते.

नंतरची कथा शाळकरी मुलेही सांगतात, म्हणून थोडक्यात सांगतो. राजांनी पंताजी गोपीनाथांकरवी आपण भ्यालो असल्याचे भासविले, वाईस येण्याचे नाकारले आणि खानालाच जावळीत बोलाविले. खान रडतोंडीचा घाट उतरून पारला आला. १० नोव्हेंबरला भेट झाली, खान मारला गेला आणि रानात दडलेल्या नेताजी पालकर, मोरोपंत, कान्होजी यांच्या तुकड्या त्याच्या फौजेवर तुटून पडल्या. खानाचा मुलगा फाजल निसटला. त्याला वाट दाखविणारे खोपडेच होते. वाई राजांच्या हाती आली.

येथेच गोष्ट संपवायचा मोह होतो. परंतु अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, राजांनी पन्हाळा घेतला. विजयाच्या भरात ते आपल्या बळाबाहेर गेले, असे आमचे नम्र मत आहे. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि त्याच वेळी शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. इतकी वर्षे जे टाळले, तेच झाले. दोन्ही शत्रू एकदम अंगावर आले. जुलैत राजे पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले, त्यासाठी बाजीप्रभू आणि त्यांचे साथीदार वाटेवर पडले. ऑगस्टमध्ये चाकणचा कोट मोगलांकडे गेला. सप्टेंबरमध्ये राजांनी पन्हाळा विजापूरला देऊन टाकला आणि एक आघाडी मिटविली. तो गड परत हाती यायला १६७३ साल लागले.