डेक्कन कॉलेज, पुणे
पुण्यात येरवडा येथे असलेली जुनी शिक्षणसंस्था. १९३९ पासून पदव्युत्तर संशोधनकेंद्र व १९९० पासून अभिमत विद्यापीठ.

तिचा उगम दक्षिणेच्या पैशात आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई बुडाल्यावर त्या रकमेचा काही भाग वळवून कमिशनर चॅप्लिन यांनी ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. मुंबईहून पुण्यास यायचे तर तेव्हा पनवेल बंदरात उतरून बोरघाट चढावा लागे. मुंबईतले सरकार असे दूर होते, आणि पाठशाळेत न्याय, व्याकरण, वेदान्त जुन्या पद्धतीनेच चालले. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा तिच्यात विलीन होऊन ‘पूना कॉलेज’ झाले.

जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीमुळे स्वतंत्र इमारत शक्य झाली. १८६४ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी पायाभरणी केली. आराखडा लष्करी अभियंते विल्किन्स यांचा. टोकदार कमानींची ही गॉथिक घडणीची दगडी वास्तू १८६८ मध्ये वापरात आली आणि कॉलेजला आजचे नाव मिळाले. कीलहॉर्न व रा. गो. भांडारकर यांनी येथे संस्कृत शिकवले. चिपळूणकर, टिळक, आगरकर, राजवाडे हे येथले विद्यार्थी. टिळक-आगरकरांच्या येथील चर्चांतून पुढे न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) उभे राहिले. टिळकांची वसतिगृहातील खोली आजही जपलेली आहे. ज्या सरकारने हे कॉलेज चालवले त्याचेच कडवे टीकाकार येथे घडले, हे मात्र त्याच्या उद्देशांत नव्हते.

१९३४ मध्ये काटकसरीचे कारण देऊन सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. जिजीभाईंची देणगी ठरावीक हेतूसाठी दिलेली होती. तो हेतू सोडता येत नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था संशोधनासाठी पुन्हा उघडली. पदवीवर्ग गेले ते गेलेच.

ह. धी. सांकलिया यांनी येथून नेवासे, जोर्वे येथील उत्खनने करून महाराष्ट्राची ताम्रपाषाणकालीन वस्ती उजेडात आणली. इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र विभाग घडवला. इतिहाससंशोधक पारसनीसांचा साताऱ्याचा ऐतिहासिक संग्रहही येथेच आला. १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोश हाती घेतला. त्याच्या पहिल्या खंडाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला; त्यानंतर अनेक दशके काम ‘अ’ या अक्षरातच चालू राहिले.