समच्छेदाची गोष्ट

पाचवीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/३ एवढेच लिहावे आणि उत्तर विचारावे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ सांगणारी मुले दरवर्षी भेटतात. आपण लगेच म्हणतो, "चूक. आधी छेद समान करा." मुले लसावि काढायला शिकतात, उत्तरही बरोबर येऊ लागते. पण २/५ तर अर्ध्यापेक्षाही लहान आहे. अर्ध्यात काही मिळवल्यावर ते कमी कसे होईल, हा विचार त्या मुलाने केलेलाच नसतो. छेद समान का करायचे, हेही त्याला कळलेले नसते. आपण त्याला रीत देतो, कारण देत नाही.

कारण शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ या. ब्रिटिश म्युझियममध्ये 'ऱ्हाइंड पपायरस' नावाची एक इजिप्शियन गुंडाळी आहे. आहमेस नावाच्या लेखनिकाने ती इ.स.पू. १५५० च्या सुमारास एका जुन्या पोथीवरून उतरून काढली. २/३ सोडला तर इजिप्तचे लोक अंशस्थानी १ असलेलेच अपूर्णांक वापरत. या गुंडाळीत एक उदाहरण असे आहे: २/३ आणि १/१५ यांत किती मिळवले म्हणजे पूर्ण १ होईल? म्हणजे ही वजाबाकीच झाली. लेखनिक १५ हा आकडा धरतो. १५ चे दोन तृतीयांश १०, १५ चा पंधरावा भाग १, मिळून ११. पंधराला ४ कमी पडले. हे ४ म्हणजे ३ आणि १. पंधरातले ३ म्हणजे १/५, आणि १ म्हणजे १/१५. झाले उत्तर! अशा उदाहरणांत मदतीला घेतलेले आकडे तांबड्या शाईने लिहिलेले दिसतात. 'छेद' हा शब्द तिथे नाही. दोन्ही भाग पूर्ण संख्येत मोजता येतील असे माप निवडायचे, एवढीच युक्ती आहे.

आपल्याकडे ही युक्ती नियम म्हणून स्पष्ट मांडली गेली. इ.स. ६२८ मधल्या ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात अपूर्णांकांची गणिते आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी, छेद समान करताना आज आपण ज्याला लसावि म्हणतो तो वापरायला सांगितला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) दोन रीती आहेत. पहिली सरळ: एकाच्या छेदाने दुसऱ्याच्या अंशाला आणि छेदाला गुणा. दुसरी बुद्धिमंतांसाठी: आधी दोन्ही छेदांना समान अवयवाने भागा, मग गुणा. त्यांचे उदाहरण १/१४ मधून १/६३ वजा करण्याचे आहे. पहिल्या रीतीने छेद ८८२ येतो. पण दोन्ही छेदांना ७ ने भागले की २ आणि ९ उरतात. मग ९/१२६ मधून २/१२६ गेले, राहिले ७/१२६, म्हणजे १/१८. 'समच्छेद' हा शब्द भास्कराचार्यांनी वापरलेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात तो आजही जसाच्या तसा आहे.

हे झाले पंडितांचे. पण महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही समच्छेद रोज भेटत होता, तो बाजारात. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अर्धा रुपया म्हणजे ८ आणे, एक तृतीयांश म्हणजे ५ आणे ४ पै. दोन्ही मिळून १३ आणे ४ पै, म्हणजेच १६० पै, म्हणजेच रुपयाचा ५/६. वजाबाकी केली तर उरतात २ आणे ८ पै, म्हणजे ३२ पै, रुपयाचा १/६. इथे लसावि कोणी काढला नाही. रुपयाच्या पोटातले लहान नाणे हाच समान छेद. जमाखर्चाच्या वहीत पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. अडीच लिहायचे तर २॥. पाव आणि अर्धा मिळवायचे म्हणजे रेघा मोजायच्या. जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हिशेब सोपे झाले यात शंका नाही. पण १०० ला ३ ने भाग जात नाही. रुपयाचा तिसरा हिस्सा नाण्यांत मांडणे संपले. 'चाराणे' हा शब्द पुढे कितीतरी वर्षे टिकला, पण ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. व्यवहारातला समच्छेद गेला आणि पुस्तकातली रीत तेवढी एकटी उरली.

आणे परत आणा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या पद्धतीतही पाठांतराचा बोजा होताच. शिवाय १९२ ला ५ ने भाग जात नसल्याने पाचव्या हिश्शाशी ती अडत असे. मात्र तिच्यातला गाभा वर्गात आणता येतो. १२ चौकटींची एक कागदी पट्टी मुलांना द्यावी. अर्धी पट्टी रंगवा, म्हणजे ६ चौकटी. तिसरा हिस्सा रंगवा, म्हणजे ४. मिळून १०, पट्टीचे १०/१२. २/५ सांगणारे मूल रंगवलेला भाग अर्ध्यापुढे गेलेला स्वतःच बघते. मग विचारावे: १/२ आणि १/५ साठी हीच पट्टी चालेल का? नाही, कारण बाराचे पाच सारखे भाग चौकटी न मोडता होत नाहीत. मग किती चौकटींची घ्यावी? कोणी १० म्हणेल, कोणी २०. दोन्ही बरोबर. सर्वांत लहान पट्टी कोणती, हा प्रश्न मुलांकडूनच आला की लसावि हा शब्द सांगायची वेळ झाली.

आहमेसने तांबड्या शाईत जे केले तेच ही मुले रंगीत खडूने करतात. रीत त्यानंतर यावी.