पद्मकाष्ठ : एका सुगंधी काष्ठाच्या नावांचा इतिहास

प्राचीन भारतीय सुगंधी काष्ठांचा विचार चंदन व अगरू यांपासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. या दोहोंच्या सान्निध्यात ग्रंथांतरी वारंवार आढळणारे तिसरे काष्ठ म्हणजे पद्मक अथवा पद्मकाष्ठ. हे हिमालयातील एका फळझाडाचे, रानटी चेरीचे लाकूड होय. कमळाच्या कुळाशी या वृक्षाचा काहीही संबंध नाही. असे असता त्यास कमळाचे नाव का पडले, आणि त्याच्या पर्यायनामांवरून ते वापरणाऱ्यांविषयी काय अनुमान करता येते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

चरकसंहितेत वर्ण उजळविणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात चंदन, तुंग व उशीर यांच्या पंक्तीस पद्मक बसविले आहे. दाहयुक्त ज्वरावरील चंदनाद्य तैलातही त्याची योजना आहे. सुश्रुताच्या सारिवादी गणात ते पुन्हा चंदन व वाळा यांच्या सोबत येते. या उल्लेखांवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पद्मक एकटे क्वचितच योजिले जाई. शीतल व सुगंधी द्रव्यांच्या समूहात त्याचे स्थान होते. दुसरी, अंगाला लावावयाचे सुवासिक तेल आणि औषधी तेल यांत तत्कालीन ग्रंथकार आजच्यासारखी भिंत उभी करीत नव्हते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातही पद्मकाचे वर्णन कर्पूरादी वर्गात, म्हणजे कापूर, कस्तुरी, चंदन व अगरू यांच्या मालिकेत आले असून ‘पद्मगंधी’ हे त्याचे पर्यायनाम दिले आहे. नामकरणाचे मूळ गंधसाम्यात आहे असे परंपरा मानीत होती, हे यावरून स्पष्ट होते.

याहून उद्बोधक पुरावा नरहरीच्या राजनिघंटूत मिळतो. तेथील चंदनादी वर्गात पद्मकाची बारा नावे आहेत. त्यांपैकी पीत, रक्त व शुभ्र ही रंगवाचक, तर शीतल व हिम ही गुणवाचक आहेत. एकाच वस्तूस पिवळी, तांबडी व पांढरी म्हणणे वरवर विसंगत वाटते. परंतु तांबूस सारकाष्ठ व त्याभोवतीचे फिकट बाह्यकाष्ठ ध्यानी घेतल्यास ही विसंगती बरीचशी निवळते. निरनिराळी लाकडे एकाच नावाने विकली जात असण्याचाही संभव नाकारता येत नाही. त्याच यादीत ‘मालय’ आणि ‘केदारज’ ही दोन नावे शेजारी नसली तरी एकत्र नांदतात. पहिले चंदनाच्या दक्षिणेकडील मलयपर्वताची आठवण करून देते. दुसऱ्याचा अर्थ ‘शेतात उपजलेले’ असा होतो, तसाच ‘केदारक्षेत्रात उपजलेले’ असाही होऊ शकतो. हा दुसरा अर्थ ग्राह्य धरल्यास वृक्षाच्या खऱ्या जन्मभूमीची स्मृती या नावात टिकून राहिली असे म्हणता येईल.

कारण हा वृक्ष सह्याद्रीत वा मलयपर्वतावर होत नाही. तो समशीतोष्ण हिमालयात व खासी टेकड्यांत आढळतो. बहुतेक चेरी वसंतात फुलतात, हा मात्र शरदाच्या अखेरीस फुलतो. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन १८०२-०३ मध्ये नेपाळात होता. त्याच्या सामग्रीच्या आधारे डेव्हिड डॉनने १८२५ साली यास ‘प्रुनुस सेरासॉइडिस’ हे नाव दिले. ‘प्रुनुस पद्दम’ या जुन्या शास्त्रीय नावात पहाडी ‘पदम’ शब्दच उतरला आहे. अर्थात संस्कृत नाव डोंगरात जिवंत होते. तथापि निघंटूतील उपरिनिर्दिष्ट नावांत हा आगळा फुलोरा नाही व आंबट फळही नाही. जे आहे ते लाकडाचा रंग व गुण. राजनिघंटूच्या कर्त्याने आपण कर्णाटक व महाराष्ट्र येथील भाषांतून स्पष्टीकरण केल्याचे नमूद केले आहे. दख्खनच्या अशा वाचकास पद्मक हा वृक्ष म्हणून नव्हे, तर बाजारातील काष्ठखंड म्हणून परिचित असावा, असे अनुमान त्यामुळे बळावते. ‘मालय’ हे नावही अशाच परिस्थितीत, चंदनाच्या साहचर्याने, जडले असावे.

रसायनशास्त्राचा आधार येथे मर्यादित आहे. १९४९ ते १९५२ या काळात नरसिंहाचारी व शेषाद्री यांनी या वृक्षाच्या सालीतून साकुरानेटिन, गेंक्वानिन इत्यादी फ्लेव्होनॉइड वेगळे केले. ही द्रव्ये चंदनतेलाप्रमाणे बाष्पनशील नव्हेत. शिवाय ती सालीतील होत, सारकाष्ठातील नव्हेत. सबब त्यांवरून ‘पद्मगंधा’चा निर्णय लागत नाही.

भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेने पद्मक म्हणजे याच वृक्षाचे सारकाष्ठ असे निश्चित केले आहे. व्यवहारास हा निश्चय आवश्यकच आहे. इतिहासाभ्यासकाने मात्र तो मागे नेऊन प्रत्येक प्राचीन उल्लेखावर लादू नये. वृक्ष एका प्रदेशात, ग्राहक दुसऱ्या प्रदेशात आणि मधे केवळ एक सुगंधी नाव, अशी स्थिती असता नावाचे सातत्य हे वस्तूच्या सातत्याचे प्रमाण ठरत नाही.