कूवाचा मुलूख : उसाची जमीन आणि तिचीं माणसें

वेस्ट इंडीज हें नांव कानीं पडलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा क्रिकेटचें मैदान उभें राहतें. त्यापलीकडे त्या बेटांशीं आपली ओळख बेताचीच आहे. आज मी आपणांस त्यांपैकीं ट्रिनिडाड बेटांतील एका विभागाची हकीकत सांगणार आहे. या विभागाचें सरकारी नांव कूवा-ताबाकीत-तालपारो असें लांबलचक आहे. तीन गांवांचीं नांवें जोडून तें तयार झालें आहे. इतक्या दूरच्या एका लहानशा मुलुखाशीं आपला काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. संबंध आहे, आणि तो ओघानें पुढें येईलच. परंतु त्या संबंधावांचूनहि हा मुलूख जाणून घेण्याजोगा आहे. जमिनीवर राबणारा माणूस आणि त्या जमिनीची मालकी यांची ताटातूट झाली म्हणजे काय होतें, हें तेथील दोनशें वर्षांच्या इतिहासांत फार स्वच्छ दिसतें.

प्रथम भूगोल पाहूं. ट्रिनिडाड हें कॅरिबियन बेटांच्या मालिकेंतील अगदीं दक्षिणेकडचें बेट. दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशाचा किनारा तेथून जवळच्या ठिकाणीं अवघा ११ किलोमीटर दूर आहे. बेटाचें क्षेत्रफळ सुमारें ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून कांहींसें अधिक. पश्चिमेस पारियाचें शांत आखात आहे. त्याच्या काठापासून बेटाच्या मध्यभागापर्यंत आपला हा विभाग पसरला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ७२० चौरस किलोमीटर असून २०११ च्या शिरगणतींत तेथें सुमारें १ लक्ष ७८ हजार लोक होते.

आखाताकडील भाग सपाट व चिकणमातीचा. पावसाळ्यांत पाय रुतावा आणि उन्हाळ्यांत भेगा पडाव्या अशी ती जमीन. हीच उसाची जमीन. पूर्वेकडे जावें तसतशी भुई चढत जाते आणि मधल्या डोंगररांगेच्या टेकड्या लागतात. त्यांची उंची ३०० मीटरांच्या आसपास. सह्याद्रीपुढें त्या ठेंगण्याच म्हणावयाच्या. परंतु त्यांच्या उतारांवर मोठ्या झाडांच्या सावलींत कोको उत्तम पिकतो. ग्रान कूवा या गांवचा कोको जाणकारांत नांवाजलेला आहे, आणि 'ट्रिनिटारियो' ही कोकोची जात जगाला याच बेटानें दिली. जानेवारीपासून मेपर्यंत कोरडा ऋतु आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस, असें तेथील वर्ष. कोरड्या ऋतूंत ऊंस तोडावयाचा आणि पावसांत तण काढावयाचें, याच हिशेबानें सपाटीवरील माणसांचें पंचांग पिढ्यान्‌पिढ्या चाललें.

नकाशावर बोट ठेवून गांवांचीं नांवें वाचीत गेलें तरी या मुलुखाचा इतिहास उलगडूं लागतो. कारापिचैमा हें नांव बेटाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आलें आहे. लास लोमास, म्हणजे टेकड्या, हें स्पॅनिश. बॉन आव्हांत्यूर हें फ्रेंच. ब्रेचिन कॅसल हें नांव स्कॉटलंडांतून आणि वॉटर्लू हें युरोपच्या रणांगणावरून उचललेलें. आणि यांच्याच मध्यें, कूवापासून फार लांब नाहीं अशा ठिकाणीं, एक गांव आहे, त्याचें नांव कॅलकटा सेटलमेंट ! एकावर एक बसलेले हे थर आहेत. प्रत्येक थर म्हणजे या जमिनीवर आलेली एक माणसांची लाट, आणि प्रत्येक लाटेबरोबर जमीन कोणाची हा प्रश्न नव्यानें निघाला.

३१ जुलै १४९८ रोजीं कोलंबसाला हें बेट दिसलें. त्यानंतर तीनशें वर्षें तें स्पेनच्या ताब्यांत होतें. पण वस्ती विरळ आणि जंगल दाट. वस्ती वाढावी म्हणून स्पेनच्या राजानें १७८३ सालीं एक फर्मान काढलें. कॅथॉलिक धर्माच्या परदेशी मळेवाल्यांनीं यावें, त्यांना जमीन फुकट मिळेल. आणि जो जितके अधिक गुलाम घेऊन येईल त्याला तितकी अधिक जमीन. म्हणजे राबणाऱ्या माणसांचीं डोकीं मोजून मालकाची जमीन ठरली ! या फर्मानामुळें फ्रेंच मळेवाले आले, त्यांच्याबरोबर आफ्रिकी गुलाम आले, आणि उसाचे मळे पसरले. १७९७ सालीं इंग्रजांनीं बेट घेतलें. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली व चार वर्षांच्या उमेदवारीनंतर, १ ऑगस्ट १८३८ रोजीं, गुलाम खऱ्या अर्थानें सुटले.

सुटलेल्या माणसाला पहिली इच्छा झाली ती मळ्यापासून दूर जाण्याची. ती स्वाभाविकच होती. परंतु सरकारी जमीन लहान लहान तुकड्यांनीं विकावयाची नाहीं, शेंकडों एकर एकदम घेणाऱ्यालाच द्यावयाची, असे नियम त्या काळीं झाले होते. हेतु उघड होता. गरिबाला स्वतःची जमीन मिळाली तर तो मळ्यावर कशाला येईल ? तरीहि पुष्कळ लोक टेकड्यांत शिरले आणि परवानगीवांचून जंगल तोडून त्यांनीं कोको व भाजीपाला लावला. इकडे मळेवाल्यांची मजुरांसाठीं हाकाटी सुरू झाली, आणि त्या हाकाटीचें उत्तर हिंदुस्थानांत शोधण्यांत आलें.

१६ फेब्रुवारी १८४५ रोजीं 'फत्तेल रझाक' नांवाचें जहाज कलकत्त्याहून निघालें. ३० मे रोजीं तें ट्रिनिडाडला लागलें तेव्हां त्यावर सव्वादोनशेंच्या सुमारास हिंदी माणसें होतीं. तेव्हांपासून १९१७ पर्यंत सुमारें १ लक्ष ४४ हजार लोक या बेटावर उतरले. त्यांतील बहुतेक अयोध्या, भोजपूर व बिहार या प्रांतांतले, कांहीं मद्रासेकडचे. मळेवाल्याशीं पांच वर्षांचा करार, दिवसाकाठीं सुमारें एक शिलिंग मजुरी, आणि एकंदर दहा वर्षें बेटावर काढलीं म्हणजे परतीचा प्रवास, असे ढोबळ मानानें ठराव होते. पण कराराचा भंग हा दिवाणी दावा नव्हता, तो फौजदारी गुन्हा होता. कामावर न गेल्यास तुरुंग. चिठ्ठीवांचून मळ्याबाहेर पडल्यास तुरुंग. कूवाच्या सपाटीवर हे लोक गुलामांसाठीं बांधलेल्या चाळींत राहिले आणि गुलामांनीं लावलेल्या मळ्यांत राबले.

आतां जमिनीचा प्रश्न दुसऱ्या बाजूनें निघाला. हजारों माणसें परत पाठवावयाचीं तर खर्च फार. शिवाय मुरलेला मजूर हातचा जातो. १८६६ पासून १८७० पर्यंत सर आर्थर गॉर्डन हा तेथें गव्हर्नर होता. त्यानें सरकारी जमिनीची किंमत उतरवून लहान तुकडे विकण्यास आरंभ केला. टेकड्यांतील मॉन्टसेराट भागांत परवानगीवांचून वसलेल्या लोकांना, रॉबर्ट मिचेल या अधिकाऱ्याच्या हातून, पैसे भरून कायदेशीर मालक होण्याची वाट त्यानें करून दिली. आणि १८६९ पासून हिंदी मजुरांना परतीच्या भाड्याऐवजीं दहा एकर सरकारी जमीन मिळूं लागली. कॅलकटा सेटलमेंट हें नांव त्या काळच्या हिंदी वसाहतींची आठवण आजहि सांगतें. ज्यानें दहा एकर घेतले त्यानें मायदेशाची वाट कायमची सोडली. हा सौदा स्वस्त नव्हता. कागदावर सही नव्हे, अंगठा उठत होता. पण त्या अंगठ्यानें एक जन्मभूमि सुटत होती आणि दुसरी पदरीं पडत होती. आलेल्या सर्वांपैकीं अंदाजें चौथा हिस्सा काय तो परतला. बाकीचे तेथेंच राहिले.

आतां आपला संबंध सांगतों. रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ४ मार्च १९१२ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत एक ठराव मांडला. मुदतबंदीच्या करारानें हिंदी मजूर भरती करण्याची पद्धति अजिबात बंद करावी, अशी त्यांची मागणी होती. मजूर कोठें जातो हें त्याला कळत नाहीं, कायदा त्याला समजत नाहीं आणि करार मोडतांच तो गुन्हेगार ठरतो, हें त्यांनीं आकडे व अहवाल पुढें ठेवून दाखविलें. सरकारी बहुमतामुळें ठराव फेटाळला गेला. १९१५ च्या फेब्रुवारींत गोखले वारले. पुढच्याच वर्षीं पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तोच प्रश्न पुन्हां मांडला आणि सरकारनें तत्त्व मान्य केलें. १९१७ सालीं मजुरांची रवानगी थांबली, आणि १९२० च्या आरंभीं उरलेले करारहि रद्द झाले. कूवाच्या उसांतील शेवटचा करारबद्ध मजूर मोकळा झाला त्यांत, कूवा कधींहि न पाहिलेल्या एका कोंकणी गृहस्थाचा वांटा होता.

या लोकांनीं बरोबर काय नेलें होतें ? भोजपुरी बोली, रामचरितमानस, मोहरमचे ताबूत, भात, डाळ आणि रोटी. त्यांच्या नातवंडांच्या तोंडीं इंग्रजी आली, पण बापाच्या आईबापांना 'आजा' आणि 'आजी' म्हणण्याची रीत टिकली; मराठी कानाला हे शब्द घरचेच वाटतील. डाऊ व्हिलेज या गांवची मोकळ्या मैदानांतील रामलीला तेथील जुन्या रामलीलांपैकीं एक आहे. उसाच्या गाड्यांसाठीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंदुस्थानांतून मुऱ्हा, सुरती, जाफराबादी अशा जातींच्या म्हशीहि तेथें गेल्या. त्यांच्या संकरांतून जी नवी जात निघाली तिला, तेथील कॅलिप्सो गाण्याची आठवण ठेवून, 'बफेलिप्सो' असें नांव मिळालें. शेजारीं आफ्रिकी वंशाचे लोक, टेकड्यांत कोकोवर आलेले व्हेनेझुएलाचे लोक. देऊळ, मशीद आणि चर्च एकाच रस्त्यावर. सारेंच गोडीगुलाबीनें चाललें असें कोणी म्हणणार नाहीं. राजकारणांत वंशाची चढाओढ आहेच. पण एकच चिखल सर्वांच्या पायांना लागलेला आहे.

वॉटर्लू येथील एका माणसाची गोष्ट सांगितल्यावांचून हें वर्णन अपुरें राहील. शिवदास साधू या मजुरानें १९४७ च्या सुमारास आखाताच्या कांठीं एक लहान देऊळ बांधलें. जमीन साखर कंपनीची होती. देऊळ पाडण्याचा हुकूम झाला. साधूनें तो मानला नाहीं. त्याला दंड व कैद झाली, आणि १९५२ सालीं देऊळ पाडलें गेलें. त्यानें विचार केला : जमीन मालकाची असेल, समुद्र तर कोणाचा नाहीं ना ! सुटून आल्यावर त्यानें ओहोटीच्या वेळीं समुद्रांतच भर घालण्यास आरंभ केला. सायकलीवरून दगड, वाळू व सिमेंट न्यावें, पाण्यांत पिंपें ठेवून तीं भरावीं, असें काम त्यानें वर्षानुवर्षें चालविलें. लोक हंसले, पण देऊळ उभें राहिलें. लाटांनीं झिजलेली ही वास्तु १९९५ च्या सुमारास, हिंदी लोकांच्या आगमनास दीडशें वर्षें झालीं त्या निमित्तानें, नव्यानें बांधण्यांत आली. ज्या भूमीवर पिढ्या राबल्या तेथें चार हात जागा मिळाली नाहीं, म्हणून माणसानें समुद्रांत जागा केली. या मुलुखाचा सारा इतिहास मला या एका गोष्टींत सांपडतो.

पुढें काळ झपाट्यानें पालटला. १९३७ पासून साखरकामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांच्या संघाचे पुढारी व कूवाच्या मतदारसंघाचे प्रतिनिधि बासदेव पांडे हे १९९५ सालीं देशाचे पंतप्रधान झाले. हिंदी वंशाच्या गृहस्थाला तें पद तेव्हां प्रथमच मिळालें. तोंपर्यंत साखरेचा धंदा सरकारच्या मालकीचा झाला होता, आणि कूवाजवळ पॉइंट लिसास येथें, पूर्वीं ऊंस डोलत होता त्या जमिनीवर, नैसर्गिक वायूपासून अमोनिया व मेथॅनॉल करणारे कारखाने उभे राहिले होते. साखर तोट्यांत गेली. २००३ सालीं सरकारी साखर कंपनी बंद झाली आणि सुमारें नऊ हजार माणसांचें काम सुटलें. ब्रेचिन कॅसलच्या कारखान्याची चाकें थांबलीं. काम सोडणाऱ्यांना पैशाबरोबर आणखी एक वचन मिळालें : प्रत्येकीं दोन एकर शेतजमीन, भाडेपट्ट्यानें. ती हातीं पडण्यास अनेकांना वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली.

श्रोतेहो, १८६९ सालीं परतीच्या भाड्याऐवजीं दहा एकर. २००३ सालीं गेलेल्या कामाऐवजीं दोन एकर. मधल्या काळांत राजे बदलले, झेंडे बदलले, पीक बदललें. पण चिकणमातींत उभ्या असलेल्या माणसाची मागणी बदलली नाहीं. ज्या जमिनींत आपला घाम जिरला तिच्यावर आपलें नांव असावें, येवढीच ती मागणी आहे. ती समजण्यासाठीं आपल्यापैकीं कोणालाहि सातासमुद्रांपलीकडे जाण्याची गरज पडूं नये. आपल्याकडेहि ऊंस आहे, आणि तो तोडणारा हात बहुधा त्या शेताच्या मालकाचा नसतो. कूवाच्या लोकांची हकीकत त्या हातांकडे पाहतांना आठवली, तर आजचें माझें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन.