नमुना ते माणूस : अभ्यासकाच्या कॅमेऱ्यातील महाराष्ट्र

#थ्रेड

१/ कोल्हापूरहून गडमुडशिंगीमार्गे हुपरीकडे जाताना पट्टणकोडोली लागते. आश्विनात तेथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा, खोबरे आणि लोकर यांची उधळण होते. फरांडेबाबांची भाकणूक ऐकण्यासाठी दूरदूरचे धनगर लोटतात आणि असंख्य मोबाईल उंचावतात. लोकजीवनाच्या अशा चित्रणाला महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/ विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील माणसांची छायाचित्रे एकीकडे घेतलेली, पार्श्वभूमी दुसरीकडची. पुढे दोन्ही जोडलेली. चित्रात दिसणाऱ्या जागी तो माणूस प्रत्यक्षात उभा राहिलेलाच नसे!

३/ १८५७च्या उठावानंतर सत्तेला प्रजेची 'ओळख' हवी होती. १८६८ ते १८७५ दरम्यान 'द पीपल ऑफ इंडिया'चे ८ खंड निघाले. छायाचित्रांसोबत जातीचे वर्णन आणि स्वभावाविषयी शेरे. माणूस उरला तो जातीचा नमुना म्हणून.

४/ १८९८ मध्ये आल्फ्रेड हॅडन यांनी टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत चलच्चित्र कॅमेरा नेला. १९३६ ते १९३९ या काळात मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन यांनी बालीमध्ये सुमारे २५,००० छायाचित्रे घेतली. आता लक्ष चेहऱ्याच्या ठेवणीवरून वागणुकीकडे वळले होते.

५/ महाराष्ट्रात हे वळण ठळकपणे दिसते ते गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांच्या कामात. हायडेलबर्ग विद्यापीठाचे हे जर्मन अभ्यासक धनगरांमध्ये वावरले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे जेजुरीच्या खंडोबावर, तसेच हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासह पंढरीच्या वारीवर त्यांनी चित्रपट केले.

६/ चित्रपटच का? धनगरी ओवीत आधी गायन होते, मग तोच भाग गद्यात 'कथा' म्हणून उलगडला जातो. गाणाऱ्याचा श्वास, साथीदारांची झील, ढोलाची लय स्थिर चित्रात मावत नाही. म्हणूनच सोंथायमर यांनी ओव्या ध्वनिमुद्रितही केल्या. ज्याला पूर्वी केवळ पाहिले जाई, त्याचे म्हणणे आता ऐकले जाऊ लागले.

७/ तरीही कॅमेरा कोठे रोखायचा आणि संकलनात काय गाळायचे, हे अभ्यासकच ठरवतो. चलच्चित्र आले म्हणून ही सत्ता संपत नाही. तिला उत्तरदायी करावे लागते.

८/ आज यात्रेतला प्रत्येक मोबाईल भावी इतिहासाचे साधन आहे. मात्र चित्रासोबत गाव, तिथी, गाणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती नसेल, तर शंभर वर्षांनी तो गायक पुन्हा 'एक धनगर' एवढाच उरेल. जॉन्सनच्या चित्रातील माणसांसारखा.