शामोनीचा हिशेब

इ.स. १९२४ च्या जानेवारी महिन्यात आल्प्स पर्वतातील सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ याच्या पायथ्याशी वसलेल्या शामोनी या फ्रेंच गावी सोळा राष्ट्रांचे सुमारे अडीचशे खेळाडू एकत्र जमले. 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह' असे त्या मेळाव्याचे नाव होते. नावात सप्ताह असला तरी तो २५ जानेवारीस सुरू होऊन ५ फेब्रुवारीस संपला. आज त्यालाच आपण पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून ओळखतो; परंतु त्या बारा दिवसांत तेथे खेळणाऱ्यांपैकी कोणालाही आपण 'हिवाळी ऑलिंपिक'मध्ये उतरलो आहोत हे अधिकृतपणे सांगता आले नसते. ती मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मागाहून, १९२६ साली दिली. शामोनीच्या इतिहासाची गंमत अशी की त्याची पाने पुढेही अनेकदा उघडावी लागली आणि त्यांतील नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या. त्यांतली एक दुरुस्ती पन्नास वर्षांनी झाली. तिची हकिकत येथे सांगावयाची आहे.

आपल्या किनारपट्टीवरील वाचकाला बर्फ ठाऊक असतो तो मासळीच्या टोपलीतला, नाहीतर सरबताच्या पेल्यातला. परंतु नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत वर्षातील कित्येक महिने जमीनच दिसत नाही. तेथील शेतकऱ्याला, शिकाऱ्याला, शाळकरी मुलालाही घराबाहेर पडायचे तर पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जावे लागे. या पट्ट्यांनाच 'स्की' म्हणतात. जी गरज होती तिचाच कालांतराने खेळ झाला. त्यामुळे या उत्तरेकडील लोकांना हे खेळ आपल्या घरचे वाटत आणि ऑलिंपिक समितीने त्यांत हात घालावा, हे त्यांना प्रथम रुचले नाही. स्टॉकहोम येथे १९०१ पासून त्यांचे स्वतःचे 'नॉर्डिक खेळ' भरत होते. नॉर्वेच्या राजधानीजवळ होल्मेनकोलेन येथे दरवर्षी स्कीच्या मोठ्या शर्यती होत होत्या. 'ऑलिंपिक' हे नाव टाळून साधा 'सप्ताह' भरविण्यात आला, त्यामागे हा विरोधही होता.

मात्र शर्यती सुरू झाल्यावर उत्तरेकडील खेळाडूंनीच मैदान गाजविले. पहिले सुवर्णपदक अमेरिकेच्या चार्ल्स ज्युट्रॉ याने बर्फावरील ५०० मीटर धावस्केटिंगमध्ये पटकाविले खरे, पण त्यानंतर फिनलंडचा क्लास थुनबर्ग याने एकट्याने तीन सुवर्ण, एक रौप्य व एक कांस्य अशी पाच पदके मिळविली. नॉर्वेहून आलेली सोन्या हेनी ही अवघ्या अकरा वर्षांची मुलगी आपल्या स्पर्धेत शेवटची आली. पुढे सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून तिने त्याची भरपाई केली.

या सर्वांत अधिक कौतुक झाले ते नॉर्वेच्या थॉर्लेफ हाउग याचे. तो त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता. होल्मेनकोलेनची पन्नास किलोमीटरची शर्यत त्याने १९१८ ते १९२४ या काळात सहा वेळा जिंकली. शामोनीत ३० जानेवारीस त्याने पन्नास किलोमीटरची शर्यत जिंकली, २ फेब्रुवारीस अठरा किलोमीटरची जिंकली, आणि स्कीची दौड व स्कीवरील उडी या दोन्हींचा मेळ असलेल्या 'नॉर्डिक संयुक्त' स्पर्धेतही तोच पहिला आला. तीन सुवर्णपदके त्याच्या नावावर लागली. शिवाय ४ फेब्रुवारीस झालेल्या खास स्की-उडीच्या स्पर्धेत त्याला तिसरा क्रमांक व कांस्यपदक मिळाले. याकोब टुलिन थाम्स पहिला, नार्वे बोन्ना दुसरा, थॉर्लेफ हाउग तिसरा; तिघेही नॉर्वेचेच. मायदेशी या यशाचा केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

त्या दिवशी चौथ्या क्रमांकावर राहिला तो अमेरिकेचा अँडर्स हाउगेन. दोघांच्या नावांतील साम्याने वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून येथून पुढे आपण त्यांना थॉर्लेफ आणि अँडर्स असेच म्हणू. खरे पाहता अँडर्सही जन्माने नॉर्वेचाच. टेलेमार्क प्रांतात १८८८ साली त्याचा जन्म झाला आणि विशीत असताना भावाबरोबर तो अमेरिकेत स्थायिक झाला. पोटासाठी परदेशी गेलेला माणूस आपल्या गावचे काहीतरी बरोबर नेतोच. या दोघा भावांनी स्कीची विद्या नेली. १९१९ साली कोलोराडो राज्यातील डिलन येथे अँडर्सने २१३ फूट लांब उडी मारली. शामोनीत तो अमेरिकेच्या स्की-संघाचा कर्णधार म्हणून आला. म्हणजे ज्या देशात तो चालायला शिकला, त्याच देशाच्या खेळाडूंविरुद्ध त्याला दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली उतरायचे होते.

पुढचे समजण्यासाठी या स्पर्धेचे गुण कसे देतात हे थोडक्यात पाहिले पाहिजे. डोंगराच्या उतारावर एक उंच धावपट्टी बांधलेली असते. तिच्यावरून वेगाने घसरत येऊन खेळाडू टोकाशी हवेत झेप घेतो आणि खाली उतारावर उतरतो. केवळ किती लांब गेला यावर निकाल ठरत नाही. हवेत त्याचे शरीर कसे होते, जमिनीवर तो तोल सांभाळून उतरला की नाही, हे पाहून पंच शैलीचे गुण देतात. लांबी व शैली या दोहोंचे गुण एकत्र करून अंतिम आकडा काढतात. त्या काळी हे सारे काम कागद-पेन्सिलीने होत असे आणि आकडा दशांशचिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत जाई. अँडर्सची पन्नास मीटरची उडी त्या दिवशीची सर्वांत लांब उडी होती. परंतु शैलीत तो नॉर्वेच्या खेळाडूंपेक्षा मागे पडला. अंतिम तक्त्यात थॉर्लेफच्या नावापुढे १८.००० आणि अँडर्सच्या नावापुढे १७.९१६ असे आकडे लिहिले गेले. फरक होता एका गुणाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

दुसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारीस, समारोप झाला. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तें तेथे उपस्थित होते. त्याच प्रसंगी आणखी एक सन्मान दिला गेला, आणि आपल्या देशाशी निगडित म्हणून तो सांगितला पाहिजे. १९२२ साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेला गिर्यारोहणाबद्दल पदके देण्यात आली. त्या मोहिमेत ७ जून १९२२ रोजी हिमकडा कोसळून सात भारवाहक प्राणास मुकले होते. साहेबांची ओझी वाहणारे हे गरीब लोक. परंतु पदकांच्या यादीत त्यांचीही गणना करण्यात आली. मोहिमेचे उपनेते एडवर्ड स्ट्रट यांनी सर्वांच्या वतीने पदके स्वीकारली आणि त्यांतील एक एव्हरेस्टच्या माथ्यावर नेण्याचे वचन दिले. हे वचन पुरे व्हायला अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली. २०१२ साली केंटन कूल या ब्रिटिश गिर्यारोहकाने त्या पदकांपैकी एक शिखरावर नेले.

इकडे थॉर्लेफ विजयी वीर म्हणून मायदेशी परतला. त्याला दीर्घायुष्य लाभले नाही. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. ड्रामेन शहरात त्याचा पुतळा उभारण्यात आला. अँडर्स अमेरिकेतच राहिला. १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही त्याने भाग घेतला, पण पदक त्याला मिळाले नाही. जगाच्या दृष्टीने तो एक चौथा आलेला खेळाडू होता, आणि चौथ्या क्रमांकाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही.

१९७४ साल उजाडले. शामोनीच्या सप्ताहाला पन्नास वर्षे झाली म्हणून नॉर्वेत त्या जुन्या संघाच्या आठवणींना उजाळा मिळाला. थोराल्फ स्ट्रॉमस्टाड हे त्या संघातील एक खेळाडू. १९२४ मध्ये त्यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती, आणि दोन्ही वेळा त्यांच्या पुढे होता तो थॉर्लेफच. जुने निकाल पाहताना स्की-उडीच्या गुणांत काही चुकले आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. नॉर्वेचे स्की-इतिहासकार याकोब वागे यांनी आकडे पुन्हा मांडून पडताळा घेतला. थॉर्लेफच्या गुणांच्या आकडेमोडीत चूक झालेली होती. ती सुधारली असता त्याचा आकडा १८.००० न राहता अँडर्सच्या १७.९१६ च्याही खाली येत होता. कांस्यपदक अँडर्सचे होते, आणि पन्नास वर्षे ते दुसऱ्याच्या नावावर नोंदलेले होते.

आता या माणसांपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहणे अगदी सोपे होते. ज्याच्या हातून काही अपराध घडलाच नव्हता, असा त्यांचा लाडका वीर चाळीस वर्षांपूर्वी निवर्तला होता. चूक त्याची नव्हती. तक्ता करणाऱ्याची होती. अँडर्सने काही मागणी केलेली नव्हती. अमेरिकेतून कोणी तक्रार घेऊन आले नव्हते. तक्ता बदलला तर नॉर्वेचे एक पदक कमी होणार होते, आणि पहिले तिन्ही क्रमांक आपलेच, हा अभिमानही जाणार होता. मृताच्या कीर्तीला धक्का लावू नये, असे म्हणणारा एखादा भला माणूस अशा वेळी कोठेही भेटतो. त्याच्या म्हणण्यात माया असते म्हणून त्याला उत्तर देणेही कठीण जाते.

या लोकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी चूक उघड केली, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सुधारलेला निकाल मान्य केला. सप्टेंबर १९७४ मध्ये ऑस्लो येथे खास समारंभ झाला. पंच्याऐंशी वर्षांचे अँडर्स हाउगेन अमेरिकेहून आपल्या जन्मभूमीत आले आणि त्यांच्या हाती कांस्यपदक देण्यात आले. ते देणारी होती थॉर्लेफ यांची कन्या. ज्या पित्याचे छत्र तिच्यावरून लवकर हरपले, त्याच्या नावावरचा एक मान ती स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या स्वाधीन करीत होती.

या प्रसंगाकडे पाहताना आपल्याकडील जमिनीच्या दप्तराची आठवण होते. सातबाराच्या उताऱ्यावर एखादे नाव चुकून चढले तर ते उतरविताना घराघरांत केवढे वैर उभे राहते, हे गावात राहणाऱ्याला सांगावयास नको. ज्याच्या पदरात चुकीचा लाभ पडलेला असतो, त्याला ती नोंद कालांतराने आपली वाटू लागते. 'वडिलांच्या वेळेपासून असेच चालत आले आहे' हे त्याचे उत्तर असते, आणि पुष्कळदा ते खोटेपणाने दिलेले नसते. ऑस्लो येथे अशीच पन्नास वर्षांची वहिवाट मोडावयाची होती. तेथे हक्कदाराने दार ठोठावण्यापूर्वीच लाभ झालेल्यांनी ते उघडले, हे या हकिकतीचे वेगळेपण आहे. न्याय मागून मिळविण्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत; मागण्यापूर्वी आणून दिल्याची थोडी.

मागून मिळविलेल्या न्यायाचे उदाहरणही शामोनीच्याच इतिहासात आहे, आणि त्याचेही मोल कमी नाही. बर्फावरून जड दगड सरकवीत नेमक्या जागी पोहोचविण्याचा 'कर्लिंग' नावाचा खेळ तेथे झाला होता व त्यात ब्रिटनच्या वतीने उतरलेले स्कॉटलंडचे खेळाडू जिंकले होते. परंतु पुढे तो खेळ केवळ प्रदर्शनापुरता होता, असे अनेक ठिकाणी छापले जाऊ लागले आणि त्यांचे सुवर्णपदक जणू गणतीतून गेले. स्कॉटलंडमधील एका वृत्तपत्राने त्या खेळाडूंच्या वंशजांच्या वतीने हा प्रश्न लावून धरला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ऑलिंपिक समितीने ती पदके अधिकृत असल्याचे स्पष्ट केले. बेऐंशी वर्षांनी आलेला हा निर्णय ऐकावयास ते खेळाडू हयात नव्हते; नातवंडांनी तो ऐकला.

उशिरा झालेल्या या दुरुस्तीचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. अँडर्स यांचे तारुण्य परत आले नाही. पस्तिसाव्या वर्षी गळ्यात पदक घेऊन घरी परतण्याचा आनंद पंच्याऐंशीव्या वर्षी मिळत नसतो. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु थॉर्लेफच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. चुकीची नोंद तशीच राहिली असती, तर त्याच्या खऱ्या पराक्रमाशेजारी एक न मिळविलेली वस्तू कायमची पडून राहिली असती. ती दूर झाली तेव्हा उरलेली तीन सुवर्णपदके निःशंकपणे त्याची ठरली. पन्नास किलोमीटर बर्फ तुडवून त्याने जे मिळविले, त्याला कोणाच्या आकडेमोडीतील चुकीचा आधार लागत नव्हता. ड्रामेनचा पुतळा कोणी हलविला नाही. हलविण्याचे कारणही नव्हते. आपल्या माणसाविषयी खरे सांगितल्याने त्याची किंमत कमी होईल ही भीती आपल्या प्रेमातून येत असली, तरी तिच्यात त्या माणसाविषयीचा अविश्वासही दडलेला असतो. नॉर्वेच्या लोकांना आपल्या वीराविषयी असा अविश्वास वाटला नाही.

अँडर्स हाउगेन यांनी त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे ते पदक आपल्याजवळ बाळगले आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन, ते निवर्तले. विसाव्या शतकात स्की-उडीत ऑलिंपिक पदक मिळविलेला दुसरा अमेरिकन खेळाडू झाला नाही. ऑलिंपिकच्या अधिकृत निकालपत्रकात ४ फेब्रुवारी १९२४ च्या त्या स्पर्धेखाली आता तिसऱ्या जागी अँडर्स यांचे नाव आहे, आणि त्याच्या खालच्या ओळीत, चौथ्या जागी, थॉर्लेफ हाउग यांचे.