चार तास बावीस मिनिटे

१८ जानेवारी २०१९ रोजी संध्याकाळी मेक्सिकोतल्या त्लाहुएलिल्पान गावाच्या शिवारात पेट्रोलची फुटलेली पाइपलाइन पेटली. मृतांचा आकडा वाढत वाढत १३७ वर गेला. सरकारी कागदांत हा इंधनचोरीतून झालेला स्फोट आहे. पण त्या दिवशी लष्कराला गळतीची खबर लागली ती स्फोटाच्या चार तास बावीस मिनिटे आधी. एवढ्या वेळात १३७ माणसे वाचवता येतात. ती का वाचली नाहीत, याचे उत्तर त्या दुपारपेक्षा बरेच मागे सुरू होते, म्हणून घटनाक्रमही तिथूनच मांडावा लागतो.

३ मे २०१७: वीस महिने आधी

पुएब्ला राज्यातले पाल्मारितो गाव. मेक्सिको सिटीकडून व्हेराक्रूझच्या बंदराकडे जाणारा महामार्ग आणि पेमेक्स या सरकारी तेल कंपनीच्या पाइपलाइनी या पट्ट्यातून शेजारीशेजारी जातात. पाइपलाइनला भोक पाडायचे, नळ बसवायचा आणि पेट्रोल-डिझेल कॅनमध्ये भरून रस्त्याच्या कडेला विकायचे, हा इथला उघड धंदा होता. या मालाला तिकडे ‘वाचिकोल’ म्हणतात. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, टेम्पोवाले, शेतकरी. मालवाहतुकीत सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा. भाडे ठरलेले, आणि पंपापेक्षा स्वस्त डिझेल वाटेतच मिळते. मग कितीजण नको म्हणतील?

त्या रात्री सैनिक आणि इंधनचोर यांच्यात गोळीबार झाला. चार सैनिक आणि सहा नागरिक मारले गेले. काही दिवसांनी सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रण बाहेर आले. जमिनीवर पडलेल्या माणसाला सैनिक जवळून गोळी घालताना त्यात दिसत होता. गावकऱ्यांनी ते पाहिले. त्याआधी, २०१५ मध्ये, याच राज्याच्या पोलीस दलातले वरिष्ठ अधिकारी इंधनचोरीत सामील असल्याच्या आरोपावरून पकडले गेले होते. म्हणजे एक वर्दी चोराच्या भागीदारीत, दुसरी गोळी घालणारी. सामान्य माणसाने भरवसा ठेवावा अशी तिसरी वर्दी त्या भागात नव्हती.

याच महामार्गावर ट्रक अडवून माल लुटण्याचे प्रकारही वाढत गेले. मेक्सिकोच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची दरवर्षीची पाहणी सांगते की देशातल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक गुन्ह्यांची एक तर तक्रारच होत नाही किंवा तपास सुरू होत नाही. वेळ वाया जातो आणि यंत्रणेवर विश्वास नाही, ही लोकांनी दिलेली कारणे. चालकाचा हिशेबही सरळ आहे. माझी गाडी कुठे थांबते, मी कुठल्या वेळी निघतो, हे चौकीतल्या शिपायालाही ठाऊक आणि टोळीलाही. तक्रार दिल्यावर तिचा कागद कोणाच्या हाती पडेल याची खात्री नसेल, तर तो गप्प राहून पुढचा फेरा मारणारच. या गप्प राहण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. त्याच रस्त्याने त्याला पुन्हा जायचे असते.

१ डिसेंबर २०१८: ४८ दिवस आधी

आंद्रेस मान्युएल लोपेस ओब्रादोर यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यांच्या सरकारच्या हिशेबाप्रमाणे देशात रोज चोरीला जाणाऱ्या इंधनाने प्रत्येकी १५ हजार लिटरचे ६०० हून अधिक टँकर भरले असते. २०१८ च्या पहिल्या दहा महिन्यांत पाइपलाइनींवर १२,५८१ बेकायदा नळ सापडले होते. ओब्रादोर यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: ही चोरी कंपनीच्या आणि सरकारच्या आतल्या माणसांशिवाय चालूच शकत नाही. ते खरे होते. पाइपलाइनमधून आज पेट्रोल जाणार की डिझेल, दाब किती असणार, कधी वाढणार, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार?

२७ डिसेंबर: २२ दिवस आधी

सरकारने इंधनचोरीविरुद्धची मोहीम जाहीर केली. मोठ्या पाइपलाइनी बंद, इंधन टँकरने, आणि टँकरांना लष्कराचे व पोलिसांचे संरक्षण. मोहिमेचा हेतू प्रामाणिक होता. पण पाइपलाइनमधून वाहणारा देशाचा इंधनपुरवठा रातोरात रस्त्यावर आणायचा तर टँकर हवेत, चालक हवेत, डेपोवर भरण्याची सोय हवी. त्यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. सरकारने पुढे अमेरिकेतून ५७१ टँकर विकत घेतले आणि दोन हजार चालकांची भरती काढली. पण हे सगळे टंचाई सुरू झाल्यावर.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हालिस्को, ग्वानाह्वातो, मिचोआकान, इदाल्गो आणि मग मेक्सिको सिटीतही पंपांवर रांगा लागल्या. १ जानेवारी २०२४ ला मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या टँकरचालकांनी ‘हिट अँड रन’ कायद्याविरुद्ध गाड्या उभ्या केल्या, तेव्हा आपल्याकडे काही तासांत पंपांवर काय झाले होते ते आठवून पाहावे. मेक्सिकोत ते काही आठवडे चालले. माणूस रात्रभर रांगेत उभा राहायचा आणि सकाळी पंपावर ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागलेली असायची.

१६ जानेवारी: २ दिवस आधी

मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या तुश्पान बंदरातून तुला शहराजवळच्या शुद्धीकरण कारखान्याकडे जाणारी १४ इंची पाइपलाइन २३ डिसेंबरपासून बंद होती. ती पुन्हा सुरू झाली. या लाइनला त्लाहुएलिल्पानच्या आसपास तीन महिन्यांत दहा वेळा भोके पाडली गेली होती, असे पेमेक्सनेच नंतर सांगितले. दहा वेळा फोडलेली जागा सगळ्यांना माहीत असते. टंचाई शिगेला असताना तिथून पुन्हा पेट्रोल सोडायचे, तर त्या जागेवर दिवसरात्र पहारा हवा होता.

१८ जानेवारी, दुपारी २.३०: ४ तास २२ मिनिटे

शुक्रवार. सान प्रिमितिवो वस्तीजवळचे लसूणघासाचे शेत. हे मेस्कितालचे खोरे मेक्सिको सिटीच्या सांडपाण्यावर पिकते. पाटांचे जाळे, चारा, मका. पाइपलाइन या शेताखालून जाते आणि शेताच्या कडेने चर आहे. त्या चरात पेट्रोल साचू लागले होते.

लष्कराच्या सांगण्यानुसार गळती त्यांच्या लक्षात आली ती या वेळी. २५ सैनिक जागेवर गेले. तेव्हा माणसे थोडी होती. सैनिकांनी त्यांना मागे सरायला सांगितले. काहीजण सरले, बाकीचे थांबले.

या तासाला फार करण्यासारखे नव्हते आणि जे होते ते एकच होते: लाइन बंद करणे. दाब कमी झाला की पेट्रोलचे कारंजे खाली बसते, आणि कारंजे बसले की गर्दी पांगते. पण पेमेक्सकडून नंतर सांगण्यात आले की सुरुवातीला ही गळती किरकोळ समजली गेली.

दुपारी ४.५० ते ५.०४: सुमारे दोन तास

पेमेक्सला कळल्याची आणि केंद्रीय यंत्रणांकडे खबर पोहोचल्याची वेळ म्हणून हे दोन आकडे नंतर जाहीर झाले. लष्कराची वेळ आणि ही वेळ यांत दोन तासांहून अधिक अंतर आहे. २५ सैनिक शेतात उभे आहेत, आणि लाइनचा व्हॉल्व्ह ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत बातमी अजून पोहोचायची आहे. या अंतराबद्दल कोणी कितीही खुलासे केले तरी मला ते पटत नाहीत. ज्या लाइनवर तीन महिन्यांत दहा वेळा चोरी झाली, तिथला पहारेकरी आणि तिथला व्हॉल्व्हवाला यांच्यात एका फोनचे अंतर असायला हवे होते.

दरम्यान भोक मोठे झाले होते आणि पेट्रोल काही मीटर उंच उडत होते. गावात बातमी पसरली. फोनवरून, मोटारसायकलवरून, घराघरांतून. लोक कॅन, बादल्या, पाण्याचे मोठे जार, मिळेल ते घेऊन आले. त्या दिवशीची चित्रफीत कोणीही पाहावी. त्यात टोळीचे सराईत चोर शोधून सापडत नाहीत. आई मुलांना घेऊन आली आहे, तरुण पोरे हसत एकमेकांवर पेट्रोल उडवत आहेत, कोणी भरलेला कॅन दोघांत धरून बांधावरून चालला आहे. जत्रेसारखा गलका होता.

संध्याकाळी ५ नंतर: शेवटचे जवळजवळ दोन तास

गर्दी ६०० ते ८०० वर गेली. २५ सैनिक बाजूला झाले. संरक्षणमंत्री लुईस क्रेसेन्सियो सांदोव्हाल यांनी नंतर सांगितले की चकमक टाळण्यासाठी त्यांनी माघार घेतली. अध्यक्षांनीही त्यांना दोष दिला नाही.

सैनिकांनी गोळी चालवली नाही, हे बरोबरच केले. पेट्रोलच्या वाफेत उभ्या असलेल्या जमावावर बंदूक रोखणारा माणूस स्वतःच आग लावतो. पाल्मारितोचे चित्रण त्यांनीही पाहिले असणार. पण त्यांच्या तोंडच्या सूचनेलाही वजन उरले नव्हते, आणि ही त्या संध्याकाळची खरी शोकांतिका आहे. ‘मागे व्हा, जीव जाईल’ हे वाक्य खरे होते. ज्याने ते ऐकले त्याच्या कानांना मात्र ते वेगळे ऐकू आले: हे आपल्याला हाकलतात, म्हणजे माल कोणा दुसऱ्यासाठी राखून ठेवायचा आहे. वर्षानुवर्षे वर्दी हप्त्यासाठी आली, टोळीच्या बाजूने आली किंवा गोळ्या घालायला आली. त्याच वर्दीने एके दिवशी जीव वाचवण्यासाठी हाक दिली, तर लोकांनी ती वेगळी ओळखायची कशी?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही; जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साठते. उणे ४० अंशांतही पेट्रोल वाफ सोडते, त्यामुळे जानेवारीच्या थंडीने काही आडकाठी होत नाही. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेटायला पुरते. चरात उतरलेल्या काहींना घेरी येत होती. अंगावरचे कपडे भिजले होते. कृत्रिम धाग्याचे कपडे एकमेकांवर घासले की ठिणगी पडते, आणि अशाच ठिणगीने आग लागली असावी, अशी शक्यता देशाचे महाधिवक्ता आलेहान्द्रो गेर्त्झ मानेरो यांनी नंतर बोलून दाखवली.

संध्याकाळी ६.५२

सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. कारंजे पेटले. चर पेटला, शेत पेटले, भिजलेली माणसे पेटली. अंधारातून ज्वाळांसह पळणाऱ्या माणसांची चित्रे जगभर गेली. त्यांचे वर्णन मी इथे करणार नाही.

रात्र

इदाल्गोचे राज्यपाल ओमार फायाद यांनी आधी वीसेक मृत्यू जाहीर केले. मध्यरात्रीच्या सुमारास आग आटोक्यात आली. सकाळपर्यंत आकडा ६६ झाला, मग ७३, ७९, ८५. भाजलेल्यांना पाचुका आणि मेक्सिको सिटीच्या रुग्णालयांत हलवले, काही मुलांना टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या विशेष रुग्णालयात नेले. अनेकांची ओळख डीएनएवरूनच पटणार होती. नातेवाईक याद्यांमध्ये नावे शोधत फिरत होते, आणि नाव यादीत नसणे चांगले की वाईट हेही कोणाला सांगता येत नव्हते.

नंतर

२०१९ मध्येच राज्यघटनेत दुरुस्ती होऊन इंधनचोरी हा जामीन न मिळणारा गुन्हा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पेमेक्सच्या सुरक्षा विभागाचे माजी प्रमुख, निवृत्त जनरल एदुआर्दो लेओन त्राउवित्झ यांच्यावर अटक वॉरंट निघाले. पाइपलाइनींच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांच्यावरच चोरीला साथ दिल्याचा आरोप. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते कॅनडात पकडले गेले. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवेल. पण त्लाहुएलिल्पानच्या माणसाने सैनिकाचे का ऐकले नाही, असे जे आजही विचारतात, त्यांनी हे वॉरंट आधी वाचावे.

शेतात शिरलेल्यांना चोर म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी कायदा मोडला, हे खरे. पण ज्यांनी नळ बसवला ते त्या रात्री शेतात नव्हते, आणि ज्यांनी व्हॉल्व्ह वेळेत बंद केला नाही तेही नव्हते.

आपल्या महामार्गांवरही टँकर उलटतात, आणि पाच मिनिटांत कॅन-बादल्या घेऊन माणसे धावतात. ही माणसेही आपल्याच गावची असतात. टँकर उलटलेला दिसला तर गाडी लांबच थांबवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि उंचावर जा, जवळ मोटारसायकल सुरू करू नका, ११२ ला फोन करा. आणि तुम्ही पोलीस असाल, तर लोकांना हटवण्याबरोबर पहिला फोन तेल कंपनीच्या डेपोला करा.